धाकटीचा अर्धा ट्रे

दुकानात सजावटीच्या साखरेच्या बरण्यांपुढे मी बराच वेळ उभी होते. लाल, हिरवी, चंदेरी, जाड, बारीक. बघत होते, पण काहीच वाटत नव्हतं. धाकटी, म्हणजे माझी जाऊ, वारल्याला दीड महिना झाला होता आणि तेव्हापासून मला धड रडूही आलं नव्हतं.

"ताई, नेहमीच्या दोन्ही देऊ?" दुकानदाराने विचारलं.

नेहमीच्या म्हणजे माझी बारीक लाल आणि तिची जाड पांढरी. पंधरा वर्षं हेच. पीठ मी मळायची, बिस्किटं मी कापायची आणि महाराणी शेवटी येऊन अर्ध्या ट्रेवर आपली साखर भुरभुरायच्या. तरी पोरं तुटून पडायची ती तिच्याच अर्ध्यावर. तिच्या हाताला चव आहे म्हणे! पीठ एकच, ओव्हन एकच. कष्ट माझे, कौतुक तिचं.

पण आज सकाळी पुतणी म्हणाली होती, "काकू, आईची बिस्किटं कर ना." दीड महिन्यात पोरीने काही मागितलं ते हे पहिलंच. रोज ताटातलं चिवडून उठायची, मनगटं काडीसारखी झाली होती. तिने खावं, एवढंच मला हवं होतं.

"फक्त जाड पांढरी द्या," मी म्हणाले.

दुपारी अख्ख्या ट्रेवर तीच घातली. पुतणीने एक बिस्किट उचललं, चावलं आणि खाली ठेवलं.

"ही तुझी आहेत."

"अगं, साखर तिचीच आहे. बघ की."

"आई मीठ पण टाकायची. चिमूटभर, साखरेत मिसळून. तुझी पाठ फिरली की." ती फरशीकडे बघत होती. "तुला सांगू नको म्हणाली होती."

पंधरा वर्षं! माझ्याच ओट्यावर, माझ्या नाकावर टिच्चून! लबाड बाई. इतका राग आला, की तिला आत्ताच्या आत्ता समोर उभी करून कडाकडा भांडावंसं वाटलं.

दुसरा ट्रे अजून भाजायचा होता. पुतणीने मिठाची बरणी काढली, वाटीत साखर घेतली आणि थांबली.

"काकू, तिकडे तोंड कर ना. तू बघताना नाही टाकायचं."

मी खिडकीकडे तोंड केलं. मागे ट्रेवर साखर पडल्याचा बारीक आवाज आला आणि मला रडू फुटलं.

"झालं का गं?" बऱ्याच वेळाने मी न वळताच विचारलं.

"अर्ध्यावरच टाकलंय," ती म्हणाली. "अर्धा तुझा."