फोटोखालची ओळ

२००१च्या जुलैत शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात टायरच्या एका गोदामाला आग लागली. दुसऱ्या दिवशी दुबईच्या एका इंग्रजी दैनिकात पहिल्याच पानावर फोटो होता: मागे काळा धूर, आणि तोंडाला बनियन गुंडाळलेला, हातात लोखंडी पहार घेतलेला एक उंच काळा माणूस. खाली ओळ होती, ‘आगीच्या ठिकाणी दिसलेला आफ्रिकन, लुटीचा संशय.’

यम्ना मुकादम त्याच दैनिकात सब-एडिटर होती. ओळ तिची नव्हती, पण पेपर घरी आणला तो तिनंच. तिचे वडील तय्यब मूळचे रत्नागिरीचे. त्या गोदामाच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज. चहा घेताना त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

“अगं, हा तर क्वेसी! घानाचा. शेजारच्या वर्कशॉपात वेल्डर आहे. कसली लूट? पहारीनं दार फोडून आतल्या वॉचमनला, त्या संजयला, यानंच बाहेर काढलं. अख्ख्या गल्लीनं बघितलं.”

“मग तुम्ही सांगितलं नाही कुणाला, अब्बा?”

“विचारलं कुणी? आणि आपण पडलो परक्या मुलखात.”

“त्या लोकांचं काही सांगता येत नाही बाबा,” आई आतून म्हणाली.

“अम्मी, दॅट्स सो अनफेअर!” यम्ना चहा तसाच टाकून उठली.

न्यूज एडिटर बडोद्याचे होते, कधी आवाज न चढवणारे. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. “आपण ‘संशय’ म्हटलंय, ‘चोर’ नाही.”

“पण संशय कुणाला आला, सर? पोलिसांनी तसं म्हटलेलंच नाही.”

“फोटो बघ ना. कुणालाही तेच वाटेल. खलास. यल्ला, चल, चार नंबरचं पान घे.”

तिनं पान घेतलं, पण एकाच बातमीचं शीर्षक ती पुन्हा पुन्हा खोडत राहिली. संध्याकाळी अब्बांचा फोन आला. फोटो बघून वर्कशॉपच्या मालकानं क्वेसीला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं होतं आणि खोलीतल्या लोकांनी त्याची बॅग दाराबाहेर ठेवली होती. दुबईत, देऱ्यातल्या नाइफ भागात त्याच्या देशाची एक बाई सलून चालवते, तिच्याकडे तो गेला होता. यम्ना टॅक्सी करून तिथंच गेली.

बाईचं नाव एफुआ. ती एका गिऱ्हाइकाच्या बारीक वेण्या घालत होती. कोपऱ्यात कॉम्प्युटर आणि फोटोकॉपीचं मशीन. एफुआ तिथं चार पानांचं एक बातमीपत्र काढायची. ते आफ्रिकन दुकानदार, नर्सेस, खलाशी यांच्यात फिरायचं. क्वेसी भिंतीशी खाली मान घालून बसला होता.

यम्नानं आपण कुठून आलो ते सांगितलं. एफुआचे हात थांबले नाहीत.

“तुमच्या पेपरनं याला नाव विचारलं होतं?”

“नाही.”

“मी विचारलं. गाव विचारलं. त्या आगीत काय झालं तेही विचारलं. एवढ्यासाठीच काढते मी हे पत्र. तुमच्या पानांवर आम्ही नुसते आफ्रिकन असतो.” तिनं एका वेणीचं टोक बांधलं. “पण मी छापलं तर लोक म्हणतील, आपल्या माणसाला वाचवतेय. तो वॉचमन बोलेल?”

दुसऱ्या दिवशी यम्ना अब्बांना घेऊन हॉस्पिटलात गेली. संजयचे दोन्ही हात बँडेजमध्ये होते.

“बोलेन की. पण ताई, खरं सांगू? तो पहार घेऊन आत आला ना, तेव्हा मी टायरांमागे लपलो. वाटलं, मारायला आला. तो हाका मारत मला शोधत राहिला. माझ्यापायीच त्याला उशीर झाला, त्याची पाठ भाजली.” त्याचे डोळे भरले. “हेसुद्धा लिहा.”

तय्यब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

यम्नानं सगळं जसंच्या तसं लिहून एफुआला दिलं. “खाली तुझं नाव घालू?” एफुआनं विचारलं. यम्नाचा व्हिसा त्या दैनिकाचा होता; नोकरी गेली तर तोही जाणार. ती दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा दाराशी गेली. “घाल,” म्हणाली आणि उत्तर न ऐकताच जिना उतरली.

पत्र निघालं. वर क्वेसीचा फोटो, खाली त्याचं पूर्ण नाव आणि गाव. तय्यबनी न सांगता एक गठ्ठा पिकअपमध्ये टाकला आणि गल्लीतल्या प्रत्येक गॅरेजात वाटला. ज्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांना पत्र हिंदीत वाचून दाखवलं. पत्र क्वेसीच्या मालकापर्यंत पोचलं आणि आठवडा संपायच्या आत त्याला कामावर परत बोलावणं आलं. तो गेला. खोली मात्र त्यानं दुसरीकडे घेतली.

दैनिकात आतल्या पानावर, जाहिरातीला चिकटून, खुलासा आला: छायाचित्रातील व्यक्तीवर कोणताही संशय नाही. नाव नव्हतंच.

न्यूज एडिटरनी यम्नाला बोलावलं. पत्राचा विषयही काढला नाही. “उद्यापासून तू सिनेमा आणि हवामान बघ,” एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर ती खोलीत येरझारा घालत राहिली. नोकरी टिकेल का, व्हिसा रिन्यू करतील का, काहीच कळत नव्हतं. आईनं जेवायला हाक मारली, मग स्वतःच ताट घेऊन दारात आली.

“तो पोरगा... काय नाव त्याचं?”

“क्वेसी.”

“त्याच्या पाठीला आता बरं आहे का गं?”

“माहीत नाही,” यम्ना म्हणाली. “शुक्रवारी सलूनमध्ये जाणार आहे. विचारते.”