दुसरा डोळा

काकूंनी टाकीत हात घातला आणि शिसारी येऊन तसाच मागे घेतला. काल डोळा कापलेली मादी अर्धी कातीबाहेर, अर्धी आत, अशी अडकून मेली होती. अंग लिबलिबीत झालेलं. बाकीच्या कोळंब्यांनी तिचे पाय कुरतडायला सुरुवातही केली होती.

कोळंबीची पिल्लं तयार करणाऱ्या या केंद्रात काकूंचं काम एकच. तापवलेल्या चिमट्यात मादीच्या एका डोळ्याचा देठ दाबायचा. चर्र आवाज, जळका वास, संपलं. कामाला लागल्या तेव्हा साहेबांनी समजावलं होतं की त्या देठात एक गाठ असते. तिच्यातून रक्तात झिरपणारा रस दुसऱ्या ग्रंथीच्या पेशींवर जाऊन बसतो आणि आत निरोप धाडतो, कात टाकायचं द्रव्य इतक्यात बनवू नका. अंड्यांनाही त्याच गाठीची वेसण. देठ गेला की वेसण सुटली. मादी कातही लवकर टाकते आणि अंडीही भराभर देते. तिला हवं तेव्हा नव्हे, आपल्याला हवं तेव्हा.

ही मेलेली मादी उरलेल्या एका डोळ्यावर पुन्हा पुन्हा अंडी देऊन पार वाळली होती. काल साहेब म्हणाले, दुसराही काप.

"साहेब, तिच्या अंगात काही उरलं नाही आता."

"अजून एकदाच, काकू. तुमचं काय जातंय?"

आणि काकूंनी कापला. उरलीसुरली वेसणही सुटली आणि अंगात त्राण नसताना त्या जिवाला कात टाकावी लागली.

त्यांनी मेलेली मादी बादलीत टाकली. साबणाने हात खसाखसा घासले, वास जाईना. जेवणाचा डबा उघडला आणि तसाच मिटला. अन्नाची नाही, स्वतःच्या हातांची किळस येत होती.

तेवढ्यात त्यांना लेक आठवली. मूल व्हावं म्हणून तिच्यावर उपचार चालले होते. इंजेक्शनांनी पोट काळंनिळं पडलेलं. काल फोनवर ती रडली, आता नको वाटतं म्हणाली. उद्यापासून पुन्हा सुया सुरू व्हायच्या होत्या. त्यावर आईनं, सख्ख्या आईनं, काय सांगावं? अजून एकदाच, बाळा. तुझं काय जातंय?

साहेबांचेच शब्द, जसेच्या तसे. काकू मोरीपाशी गेल्या आणि भडभडून ओकल्या. चूळ भरून त्यांनी फोन लावला.

"उद्या जाऊ नकोस."

"आई, कालच तर तू म्हणालीस..."

"जळलं मेलं माझं तोंड. नको म्हणतेस ना? मग नाही जायचं."

"आणि सासूबाई?"

"त्यांना मी सांगते. माझ्या नावावर खपव सगळं."

पलीकडून मुसमुसत लेक हळूच म्हणाली, "आई, तू जेवलीस का?"

काकूंनी हो म्हणून फोन ठेवला.

साहेबांनी हाक मारली. ओल्या फडक्यावर माद्या मांडलेल्या होत्या, चिमटा तापून लाल झाला होता. काकूंनी पहिली उचलली. तिला एकच डोळा होता.

"हिचा नाही कापणार," म्हणत त्यांनी ती पाण्यात सोडून दिली. साहेबांनी फडक्यावरची पुढची मादी त्यांच्याकडे सरकवली.

मग काकूंनी दोन डोळ्यांची मादी उचलली आणि चिमटा हातात घेतला.