हिरवा ठिपका

त्यांच्या गोतावळ्यात खराखुरा डॉक्टर एकच होता आणि त्याला कुणी काही विचारत नसे. सगळ्यांच्या तोंडी 'डॉक्टर' म्हणजे हा, एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणारा. कुणाचा प्रिंटर रुसलेला असायचा, कुणाचा आवाज गेलेला, तर कुणी भलतीकडेच क्लिक करून अक्षरं हत्तीएवढी करून ठेवलेली. ह्याला हलावं लागत नसे. त्यांच्या पडद्यावर एक नंबर उमटायचा, तो त्यांनी फोनवर सांगायचा, की त्यांचा पडदा ह्याला बसल्या जागी दिसायचा आणि तिथला बाण ह्याच्या हाताने हलायचा. ज्यांचे चेहरे आठवत नाहीत अशा माणसांची घरची बिलं आणि नातवंडांचे फोटो त्याला तोंडपाठ झाले होते.

ह्या सगळ्यांत शिवणकाकूची तऱ्हा निराळी. ती त्याच्या आईच्या आतेबहिणीची जाऊ. हे नातं समजावून सांगेपर्यंत चहा गार व्हायचा, म्हणून सगळे तिला नुसतं शिवणकाकू म्हणत. जन्मभर तिने लोकांचे कपडे शिवले. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, मग डोळ्यांनी दगा दिला आणि सुई दिसेनाशी झाली. तेव्हा भाच्यांनी मिळून तिला कॉम्प्युटर घेऊन दिला आणि काळजी मिटली असं मानून जो तो आपापल्या कामाला लागला. काकू त्याच्यावर पत्ते खेळायची.

नंबर सांगायची तिची पद्धत टेलरची होती. गिऱ्हाइकाचं माप घेताना हाताखालच्या मुलीला सांगावं तसा एकेक आकडा मोठ्याने म्हणायची आणि वर विचारायची, "घेतलंस लिहून?" त्याने घेतलं म्हटल्याशिवाय पुढचा आकडा तोंडातून निघत नसे. मधेच आईच्या गुडघ्यांची चौकशी, खालच्या चष्मेवाल्याने दुकानाला लावलेल्या भयंकर रंगाची निंदा, मग पुन्हा आकडा. दुसरी खोड म्हणजे ती माऊस सोडायची नाही. हा बाण डावीकडे नेतोय तर ती उजवीकडे ओढणार. आणि तिचा हात थरथरायचा, त्यामुळे ह्याच्या पडद्यावरचा बाणही थरथरायचा.

"काकू, हात उचला," तो म्हणायचा.

"उचलला," ती म्हणायची, आणि बाण थरथरतच असायचा.

कामं वाढली तसे ह्या फोनपायी त्याच्या नाकी नऊ आले. दोन मिनिटांचं काम आणि अर्धा तास गप्पा. एके दिवशी त्याने तिच्या मशीनवर कायमचा पासवर्ड बसवून टाकला. आता नंबर नको, फोन नको, त्याला हवं तेव्हा आत जाता येणार होतं. मशीन मधेच झोपी जाऊन दार बंद व्हायला नको, म्हणून ते झोपणारच नाही अशीही सोय करून ठेवली. काकूला त्याने मोठ्या उत्साहाने सगळं समजावलं.

"म्हणजे आता नंबर सांगायचा नाही?"

"नाही. तुम्हाला त्रासच नको."

"त्रास कसला रे," काकू म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तेव्हापासून ती नुसता दोन शब्दांचा निरोप पाठवायची आणि हा चहाच्या सुट्टीत आत शिरून दुरुस्ती करून बाहेर पडायचा. कधी ती तिथेच बसलेली असली तर बाण आपोआप हलताना तिला दिसायचा. मग ती माऊस धरून बाण गोल गोल फिरवायची. ती तिची विचारपूस होती. सुरुवातीला तोही एक गोल फिरवून उत्तर द्यायचा. पुढे पुढे घाईत राहून जायला लागलं.

आणखी एक गोष्ट झाली. त्याच्या पडद्यावर सगळ्या नातेवाइकांच्या मशीनची यादी होती आणि चालू असेल त्याच्यापुढे हिरवा ठिपका दिसे. काकूच्या नावापुढे तो कायमच असायचा. आईने एकदा पाहिला आणि तिला केवढं अप्रूप वाटलं. काकूचं कसं चाललंय असं कुणी विचारलं, की ती म्हणायची, आमच्या डॉक्टरकडे दिसतं की, आहे मजेत. हे सगळ्यांच्याच सोयीचं पडलं. रविवारी आठवणीने फोन करणारे होते, त्यांनी तो सोडला. डॉक्टरला विचारलं की झालं. माणसं वाईट नव्हती, पण कामं कुणाला नसतात? काकूही कुणाला फोन करत नसे, कारण आपण लोकांचं डोकं खातो हे तिच्या मनाने एव्हाना घेतलं होतं.

एका सोमवारी आईला काकूची स्वप्नात गाठ पडली म्हणून तिने सकाळीच फोन लावला. तो कुणी उचलला नाही. दुपारी पुन्हा लावला. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा आई दारातच उभी होती. त्याने बूटही न काढता लॅपटॉप उघडून तिच्यापुढे धरला. ठिपका हिरवागार होता.

"पत्ते खेळत बसली असेल. डावात तिला भान नसतं," तो म्हणाला. आईचा जीव भांड्यात पडला.

मंगळवारीही फोन उचलला गेला नाही आणि ठिपका हिरवाच होता. बुधवारी मात्र आईने त्याला ऑफिसात गाठलं. म्हणाली, ठिपकाबिपका मला सांगू नकोस, तू आत जाऊन बघ.

तो आत गेला. पडद्यावर पत्त्यांचा डाव अर्धा मांडलेला होता. राणीवर ठेवायचा गुलाम समोर दिसत असून ठेवलेला नव्हता, आणि काकू अशी चूक करणारी नव्हती. त्याने बाण गोल फिरवला. थांबला. पुन्हा फिरवला, मोठा गोल. बाण त्याने जिथे सोडला तिथेच राहिला, जराही थरथरला नाही. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. हे मशीन झोपत नव्हतं, कारण झोपू नकोस असं त्यानेच त्याला सांगून ठेवलं होतं. समोर कुणी असो वा नसो, ठिपका हिरवाच राहणार होता. रोज हेच काम करणाऱ्या माणसाला ही एवढी गोष्ट सुचली नव्हती.

चष्मेवाल्याचा नंबर शोधताना त्याची बोटं चुकत होती. चष्मेवाल्याकडे जादा किल्ली होती. फोन कानाला तसाच ठेवून चष्मेवाला जिना चढला. कुलूप उघडल्याचा आवाज आला, मग आत जाणाऱ्या पावलांचा. मग चष्मेवाला एवढंच म्हणाला, की तुम्ही निघून या.

तो गेला. आईला गुडघ्यांमुळे प्रवास झेपणारा नव्हता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की खुर्चीवरून उठताना पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, उठता आलं नाही. केव्हा पडल्या, असं त्याने विचारलं. बहुधा रविवारी रात्री. आणि गेल्या केव्हा? मंगळवारी, बाई म्हणाल्या. वेळेवर कुणी आलं असतं तर, एवढंच तो म्हणू शकला. हा प्रश्न आता विचारू नका, असं बाई मऊ आवाजात म्हणाल्या. त्यात काय ते उत्तर आलं.

सगळं उरकल्यावर तो तिच्या खोलीत एकटाच थांबला. इतकी वर्षं त्याने ह्या घराचा फक्त पडदा पाहिला होता. शिवणाचं मशीन कापडाने झाकलेलं होतं. माऊसखाली जाड कापडाचा तुकडा होता, चारी कडांना बारीक टीप मारलेला. टीप वेडीवाकडी गेली होती, म्हणजे डोळे गेल्यानंतरची. टेबलावर फोन होता, जमिनीवरून हात पुरणार नाही इतका आत सरकवलेला. आणि कॉम्प्युटरसमोर एकाच्या जागी दोन खुर्च्या होत्या.

ही दुसरी कुणाची, असं त्याने चष्मेवाल्याला सकाळी विचारलं होतं.

"तुमचीच की," चष्मेवाला म्हणाला होता. "त्यात मला कधी बसू दिलं नाही. भाचा येतो म्हणायच्या."

तो त्या खुर्चीत बसला आणि ओक्साबोक्शी रडला. कारखान्यात, प्रवासात, लोकांसमोर कोंडलेलं सगळं बाहेर आलं. डाव अजून तसाच मांडलेला होता. मशीन बंद करायला त्याने माऊस धरला आणि सवयीने वाट पाहिली, बाण कुणीतरी दुसरीकडे ओढेल अशी. बाण सरळ गेला.

तेवढ्यात आईचा फोन आला. रडून रडून तिचा आवाज बसला होता. जेवलास का, असं तिने विचारलं, आणि दोन दिवस मनात घोळत असलेलं शेवटी बोलली.

"सोमवारी मी फोन लावत होते, तेव्हा ती पडलेली नव्हती ना रे? तू ठिपका दाखवलास मला. ती बसलेली होती ना तेव्हा?"

त्याने टेबलावरच्या फोनकडे पाहिलं आणि मग खालच्या फरशीकडे. तिथे पडल्या पडल्या काकूने आईचा प्रत्येक फोन वाजताना ऐकला असणार.

"हो," तो म्हणाला. "बसलेली होती. पत्ते खेळत होती."

"बरं झालं," आई म्हणाली. "मला तेवढंच लागून राहिलं होतं."