टर्मिनलबाबांचा गुरुवार

सेक्टर बावीसच्या बाजारात त्या सोमवारी इतकी गर्दी होती, की कढईतला भटुरासुद्धा फुगायच्या आधी जागा आहे का बघून घेत होता. माणसं छातीशी लॅपटॉप धरून रांगेत उभी. आत दुकानात टर्मिनलबाबा डोळे मिटून काळ्या पडद्यावर हिरव्या ओळींचा पाऊस पाडत होते.

"बोलो, रूट महाराज की..."

"जय!" रांग गरजली. विश्राम खरेही गरजले आणि लगेच ओशाळले.

ओशाळून करणार काय? लॅपटॉपवर लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली घालून देणारा भाचा कॅनडाला उडाला होता. अकरा वर्षं जमवलेला बैठ्या खेळांचा कोश ज्या सॉफ्टवेअरवर मांडला होता, ते बाबांनी बसवून दिलेलं. बाबांचा नियम एकच: पासवर्ड टाकताना भक्तानं डोळे मिटायचे. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी बाराला सॉफ्टवेअर प्राण सोडी. मग बाबा लॅपटॉपवर भगवं फडकं टाकून खाली बोटं चालवत, की ते उठून बसे.

आणि आता खऱ्यांची नागपूरला बदली झाली होती.

"खरे जी, अंबाला पार किया तो आत्मा वापस नहीं आएगी. पक्का!" बाबांनी बजावलं.

बदली रद्द करा, असा अर्ज खऱ्यांच्या खिशात तयार होता. पाचपर्यंत ऑफिसात द्यायचा होता.

"द्या ना," खऱ्यांच्या पत्नी उल्काताई म्हणाल्या. "तुम्ही राहा बाबांपाशी. मी डबे बांधलेत, मी जाते!"

त्यांनी शेजारच्या मेघनालाही ओढून आणलं होतं. ती सेक्टर बत्तीसच्या इस्पितळात डॉक्टर. तिचं संशोधनाचं काम लिनक्सवरच चाले.

"काका, सॉफ्टवेअर बसवताना बाबांनी काय चालवलं होतं?"

"मी डोळे मिटले होते गं."

"ऑपरेशनला पेशंट डोळे मिटतो, काका. तुम्ही तर बाबांच्या हाती सुरी दिलीत!"

तिनं लॅपटॉप उघडला, थोडं वाचलं, हसली. मग लॅपटॉपचं घड्याळ पुढं सरकवलं: गुरुवार, अकरा एकोणसाठ.

"बेटी, शक्ती नाराज होगी!"

"होने दो जी. एका मिनिटाचा प्रश्न आहे."

बारा वाजले. तिनं सॉफ्टवेअरचं चिन्ह दाबलं. काही नाही.

"बसवताना बाबांनी आपली एक आज्ञा आत सोडली," मेघना म्हणाली. "दर गुरुवारी बाराला सॉफ्टवेअरची फाइल दुसऱ्या नावानं लपवायची. त्याला यंत्राच्या मालकाचा, म्हणजे 'रूट'चा, पासवर्ड लागतो. तो काकांनीच दिला. फडक्याखाली बाबा जुनं नाव परत देतात, बस."

तिनं ती आज्ञा पुसली, घड्याळ जागेवर आणलं, बनवणाऱ्यांच्या मूळ संकेतस्थळावरून सॉफ्टवेअर नव्यानं बसवलं. कोश उघडला.

मागून एक सरदारजी गरजले, "ओए बाबा, मेरा वी वीरवार खोल, मेरा भी गुरुवार!"

बाबा मागच्या दारानं केव्हाच पसार झाले होते. खऱ्यांनी अर्जाचे चार तुकडे केले. उल्काताईंनी, न जाणो, त्यांचे आठ केले.

वाचकहो, यंत्रात आत्मा नसतो. कुणीतरी लिहिलेल्या ओळी असतात, आणि त्या वाचता येतात. आपल्याला येत नसतील तर वाचणारा शोधावा. हे कुठून आलं, कुणी बनवलं, माझा पासवर्ड कशाला हवा, असं तोंडावर विचारावं. आणि विचारल्यामुळे एखादा चमत्कार बंद पडला, तर तो बंदच राहू द्यावा.