टोपलीखालचे पीठ

टोपली आज उचलणार नाही, असे गोकुळदासने भटजींना तिसऱ्यांदा सांगितले, तेव्हा भटजी पाटावरून उठून ओसरीवर पान खायला गेले.

बायको चंद्रावती गेली त्याच्या दहाव्या दिवशी, रीतीप्रमाणे, तिच्या खोलीत तांदळाचे पीठ पसरून वर टोपली पालथी घातली होती. सकाळी उचलून बघायचे, पिठात पाऊल उमटले का. गेलेले माणूस कुठल्या जन्माला गेले ते त्यावरून कळते म्हणतात. गोकुळदासने ती उचललीच नाही. आज वर्षश्राद्ध. वर्षभर टोपलीवर वीट, भोवती मुंग्यांसाठी हळदीची रेघ, आणि पीठ उडू नये म्हणून पंखा बंद. गोव्याचे राज्य झाले त्या वर्षी डिचोलीत दुकान काढून ज्याने सुर्ल्याच्या खाणींच्या पंपांना आणि अर्ध्या तालुक्याच्या पंख्यांना नवी तार गुंडाळून दिली, तो माणूस मे महिन्यात पुठ्ठ्याने वारा घेत झोपला. शेजारच्या शिवदासने विचारले, आत कोंबडी बसवलीय काय. गोकुळदास हो म्हणाला. शिवदास तीन आठवडे पिल्लांची वाट बघत होता.

लेक सुविधा युरोपातून आली होती. तिथे ती चुंबकांचा सापळा आखते. त्यात धरायचा तो उलट्या द्रव्याचा, प्रतिद्रव्याचा, अणू. आपल्या जगातल्या कशालाही टेकला की संपला. म्हणून नळीवर तार नागमोडी गुंडाळून त्याला मधोमध अधांतरी ठेवायचे. वळणावर तार उसळायला लागली तेव्हा तिने बापालाच फोन केला होता. दोरा बांध आणि वार्निश मार, तो म्हणाला. ते आराखड्यात गेले.

ती टोपलीपाशी येऊन बसली.

"तुझो अणू किती येळ रवता गो बाय?"

"पापणी लवता तितको. मग आमीच चुंबक बंद करतंव."

"इतक्या कष्टान धरलेलो सोडतास कित्याक?"

"भिंतीक लागान फुटलो की दिसता. तेवाच कळता बाबा, आत होतो म्हणान. तवसर भरलेली नळी आणि रिकामी नळी, दोनूय सारकीच."

"आणि नसलो तर?"

"तर नसलो."

गोकुळदासने वीट बाजूला ठेवली. टोपली त्यानेच उचलली.

पिठात किड्यांच्या रेघाच रेघा. सुविधा म्हणाली, ह्या धरायच्या नाहीत. आमच्याकडेही आभाळातून भलतेच कण येऊन खोट्या खुणा करतात, त्या वजा कराव्या लागतात. मग बापलेकीने गुडघ्यांवर बसून किडे वजा केले. उरली एकच खूण, कडेला, अंगठ्याएवढी.

"तो माझो," गोकुळदास म्हणाला. "पीठ पसरताना लागलो."

त्याने भटजींना हाक मारून सुरू करा म्हणून सांगितले, आणि घाम पुसत पंख्याचे बटण दाबले. वर्षभर थांबलेला पंखा कण्हला, फिरला. पीठ उठले आणि सुविधाच्या केसांवर, भुवयांवर सावकाश बसले. पांढऱ्या केसांची ती, खोकताना मान तिरकी करणारी, हुबेहूब चंद्रावती.

"बाबा, पंखो बंद कर."

"करतंय," तो म्हणाला. बटणावरचा हात त्याने हलवला नाही. पापणीही लवू दिली नाही.