नाव न घेतलेला माणूस

मानसशास्त्राच्या त्या वर्गात एकतीस मुली आणि दोन मुलगे होते. पुढं कुणाचं काय झालं ते विचारायची सोय नव्हती, कारण फोनवरच्या 'जुने विद्यार्थी' या गटात सगळे रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवायचे आणि कामाबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. तरी बुरुलायला बरंच ठाऊक होतं. एक जण सोन्याच्या खाणीत माणसं भरती करायची. दोघी बालवाडीत होत्या. एक टॅक्सीवाल्यांच्या कचेरीत बसून 'गाडी पाच मिनिटांत येतेय' असं दिवसभर खोटं बोलायची. चौघी-पाचजणी चेहऱ्याला लावायची क्रीमं विकायच्या आणि त्यातली एक तर म्हणायची, "शिकलेलं वाया गेलं नाही गं, गिऱ्हाईक बरोबर ओळखता येतं."

बुरुलाय स्वतः कोचकोर गावच्या शाळेत मानसतज्ज्ञ होती, म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात ती चित्रकलेचे तास घ्यायची, नवरोजच्या सणाला सभागृह सजवायची आणि कुणी शिक्षिका बाळंतपणाला गेली की तिच्या वर्गावर बसायची. एखादं रडणारं पोर आलंच तर मुख्याध्यापक हसून म्हणायचे, "तुझं गिऱ्हाईक आलं बघ." आत नेऊन त्या पोराशी काय बोलायचं, हे तिला खरं म्हणजे नीट माहीत नव्हतं. पदवी हातात होती, पण हात रिकामेच होते. हे ती कुणाला सांगत नसे, पण रोज तिला ते खुपायचं.

एप्रिलमध्ये त्या फुलांच्या गर्दीत मानसशास्त्र विभागाचा एक निरोप आला. कुटुंबांना सल्ला देण्याचं दोन वर्षांचं पुढचं शिक्षण, राजधानीत, बिश्केकमध्ये, फी माफ, वसतिगृहात खोली. जुन्या विद्यार्थ्यांसाठी जागा एकच. हे शिक्षण का घ्यायचंय त्यावर दोन पानी निबंध आणि मग मुलाखत. बुरुलायनं तो निरोप अकरा वेळा वाचला.

नवरा, तालांत, मार्श्रुत्का, म्हणजे प्रवासी व्हॅन चालवायचा. तो म्हणाला, "मी रोज बिश्केकलाच येतो-जातो. आठवड्याला घेऊन येईन तुला. पण आईला तू विचार." आणि गाडी धुवायला निघून गेला. सासूला, म्हणजे एनेला, विचारायचं म्हटल्यावर बुरुलायची पाचावर धारण बसली. एने वाईट नव्हती, पण तिची जीभ तिखट होती.

"आणखी दोन वर्षं?" एने म्हणाली. ती नमद्यावर, लोकरीच्या जाड गालिच्यावर, नक्षी शिवत बसली होती. "पाच वर्षं शिकलीस ते काय कमी होतं? वेड्यांची डॉक्टर होणारेस का?"

"वेड्यांची नाही, एने. घरांची."

"घरांची!" एनेनं दातानं दोरा तोडला. "घराला काय होतंय? घर आपलं उभं आहे."

ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. बुरुलायनं अर्ज भरला.

निबंधात तिनं सासऱ्यांबद्दल लिहिलं. ते तालुक्याचे गुरांचे डॉक्टर होते. एका वर्षी जनावरांत रोग आला आणि गावची सगळी गुरं मारून पुरायच्या कागदावर त्यांना सही करावी लागली. शेजाऱ्यांची, भावाची, स्वतःचीसुद्धा. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी औषधांची पिशवी खिळ्याला टांगली आणि बोलणं बंद केलं. लोक म्हणाले जनावरांचे तळतळाट लागले. मौलवी झाला, वैदू झाला. दुसऱ्या वर्षी बुरुलाय सून म्हणून त्या घरात आली, ताजी पदवी घेऊन, आणि बघताक्षणी तिला कळलं की हे पुस्तकातल्या कुठल्या प्रकरणात लिहिलंय. पण पुढं काय करायचं ते त्या प्रकरणात नव्हतं. शिवाय नवी सून सासऱ्यासमोर बसून बोलणार कशी? ती फक्त रोज सकाळी चहाचा वाडगा ठेवायची. ते अर्धा पिऊन परत सरकवायचे. तीन वर्षांत एकदाच त्यांनी वाडगा पुरा रिकामा केला आणि तिच्याकडं पाहिलं. त्याच थंडीत ते गेले. 'त्या वाडग्यानंतर मी काय करायला हवं होतं, ते मला शिकायचंय,' असं तिनं शेवटी लिहिलं. साऱ्या निबंधात 'आमच्या घरातले मोठे' एवढंच होतं. नाव नव्हतं.

मुलाखत गावातल्या फोटोवाल्याकडून मागून आणलेल्या लॅपटॉपवर होती. सिग्नल यायचा तो फक्त मोठ्या खोलीच्या खिडकीशी, आणि ती जागा एनेची. एने हलली नाही. उलट तिनं तळलेल्या बोर्सोकच्या गोळ्यांची थाळी मांडली, मुरंबा ठेवला आणि दुधाचा चहा ओतून दोन वाडगे थेट पडद्यासमोर ठेवले.

"एने, ते बिश्केकमध्ये आहेत. पिणार कसे?"

"नाही पिणार. पण घरात तोंड दाखवलेल्या माणसापुढं काही ठेवायचं की नाही? तुमच्या शास्त्रात नसेल, माझ्यात आहे."

पडद्यावर दोघे आले. लारिसा विक्तोरोव्ना, पांढऱ्या केसांच्या प्राध्यापिका, आणि बाजूला एर्मेक नावाचा तरुण शिक्षक, बिश्केकमध्येच वाढलेला, इस्त्रीच्या सदऱ्यातला. बोलणं रशियनमध्ये होतं. एनेला रशियन कळायची, बोलायचं मात्र ती टाळायची. ती तीन पावलांवर सुई चालवत बसली होती.

सुरुवात बरी झाली. मग लारिसा विक्तोरोव्नांनी निबंध हातात घेतला.

"निबंध चांगला आहे. फारच चांगला आहे, म्हणून विचारते. हा तुम्हीच लिहिलाय?"

"हो."

"राग मानू नका. यंदा इंटरनेटवरून उतरवलेले निबंध तीन आले. तिन्हींत एकेक मुका झालेला आजोबा होता." त्यांनी चष्मा सारखा केला. "हे गृहस्थ तुमचे कोण?"

"सासरे."

"नाव?"

बुरुलायनं तोंड उघडलं आणि मिटलं. सुनेनं सासरच्या मोठ्यांचं नाव घ्यायचं नसतं. शाळेच्या कागदांवर नवऱ्याच्या नावापुढं ती ते लिहायची, तेव्हा काही वाटायचं नाही. पण इथं तीन पावलांवर त्यांची बायको बसली होती, आणि त्यांची पिशवी अजून खिळ्याला होती.

"घरातले मोठे," ती म्हणाली.

"ते वाचलं आम्ही," एर्मेक म्हणाला. "नाव विचारतोय. आमच्या अभ्यासाची सुरुवातच तिथून होते. प्रत्येकानं आपल्या घराचा, घरातल्या माणसांचा नकाशा काढायचा, नावं मोठ्यानं सांगायची. आठवत नाही का?"

"आठवतं."

"मग?"

"...मोठेच म्हणतो आम्ही त्यांना."

"बरं, बोलू नका, टाइप करा."

तिनं बोटं कळफलकावर ठेवली. एनेची सुई थांबल्याचं तिला जाणवलं आणि बोटं जागच्या जागी राहिली. आमच्यात नाव घेत नाहीत, हे एक वाक्य बोलली असती तरी सुटली असती. पण राजधानीतल्या माणसांपुढं ते बोलायची तिला लाज वाटली. जी स्वतः नावाला अडखळते ती दुसऱ्यांची घरं काय सांभाळणार, असं म्हणतील. आणि एनेसमोर ते गाऱ्हाणं वाटलं असतं. तिनं बोटं कळफलकावरून काढून घेतली. पडद्यावर एर्मेकनं कागदावर काहीतरी खोडलं.

"बुरुलाय," लारिसा विक्तोरोव्ना मायेनंच म्हणाल्या, "असा माणूस नसेलच तर आता सांगा. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल."

एनेनं सुई नमद्यात खोचली. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, लॅपटॉपपाशी आली आणि डोक्याचा रुमाल नीट केला. किर्गिझमध्येच बोलली.

"शार्शेनअली."

तिनं घसा साफ केला.

"शार्शेनअली. मोल्दोबायचा मुलगा. गुरांचा डॉक्टर. माझा नवरा. चार वर्षं बोलला नाही तो. ही पोर एक अक्षर खोटं लिहीत नाही. तुम्हाला खोटं वाटत असेल तर मला विचारा, तिला काय छळता?"

एक्केचाळीस वर्षांच्या संसारात आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत हे नाव एनेच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. मयतीच्या दिवशीसुद्धा मौलवीला नाव एनेच्या दिरानं सांगितलं होतं.

एर्मेकचे कान लाल झाले. "आमच्या आजीचंही असंच होतं," तो पुटपुटला. "माझ्या लक्षातच आलं नाही." मग त्यानं लारिसा विक्तोरोव्नांना हळू आवाजात सगळं समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"बाई," त्यांनी एनेला विचारलं, "मग तुम्ही त्यांना हाक कशी मारायचा?"

"'अहो, ऐकलं का.' नाहीतर मुलाच्या नावानं, 'तालांतचे बाबा.' अजून काय!"

दोघे आपसात ठरवायला गेले आणि पडदा पाच मिनिटं काळा झाला. एने पुन्हा नमद्याशी जाऊन बसली, पण दोरा काही ओवला जाईना. मग दोघे परत आले. लारिसा विक्तोरोव्ना म्हणाल्या, "जागा तुमची. एक सप्टेंबरला या. घराचा नकाशा काढून आणा, आणि नावं कुणाकडून तरी वदवून घ्या." आणि पहिल्यांदाच हसल्या.

पडदा मिटला. बुरुलायला रडूच फुटलं. एनेपाशी जाऊन ती गुडघ्यांवर बसली.

"एने, माझ्यासाठी तुम्ही..."

"तुझ्यासाठी कशाला? तो नव्हताच म्हणाली ती बाई. ऐकून घेऊ?"

मग एनेनं खिळ्यावरच्या पिशवीकडं बघितलं.

"पोरी, एक सांग. तू शिकलेली आहेस." तिचा आवाज उतरला होता. "चार वर्षं मी त्याला 'अहो, अहो' करत राहिले. तो वळून बघायचा नाही. आज ते नाव तोंडातून निघालं आणि मनात आलं, तेव्हा एकदा नावानं हाक मारली असती तर? बघितलं असतं का गं त्यानं वळून?"

धीर देणारी दहा उत्तरं बुरुलायला सुचली. सगळी खोटी होती.

"मला माहीत नाही, एने."

एनेनं मान हलवली. लॅपटॉपसमोरचे दोन्ही वाडगे उचलले. चहा गार झाला होता.

"मग जा," ती म्हणाली. "शिकून ये आणि मला सांग. तोवर मी काही मरत नाही."