जिन्याच्या वळणावरचा उमराव

"गीता, त्या अंगठीले बोट नको लावू. रंग ओला आहे अजून."

मित्रांनो, जगात आल्यावर माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. ते डोमाजींचं होतं, आपल्या लहानग्या मुलीला म्हटलेलं. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या मागची फुलं रंगवणारे डोमाजी. मी त्यांनी कापडावर तेलरंगानं काढलेलं चित्र आहे, आता पुष्कळ जुनं झालेलं. डोमाजींची नजर विझत चालली आहे. ती पूर्ण जाण्याआधी त्यांना मला एकदा डोळे भरून पाहायचं आहे. आणि मी देवाजवळ एवढंच मागत होतो, की अशा तोंडानं मला त्यांच्यापुढे नेऊ नको.

कशा तोंडानं, ते सांगतो. सांगतानाही शिसारी येते.

माझ्यातला माणूस पाचशे वर्षांपूर्वीचा, इटलीतला एक उमराव. काळी मखमली टोपी, राखाडी दाढी, बोटात लाल खड्याची अंगठी. चित्रकारांना, मूर्तिकारांना तो घरी ठेवून घ्यायचा, जेवू घालायचा. मूळ चित्र कुठल्या कुठे दूर देशी. मराठी मंडळाचे तेव्हाचे सचिव गुणाकर सर यांच्याजवळ त्याचं कॅलेंडरमधलं एक पान होतं. मंडळाचा वरच्या मजल्यावरचा हॉल त्यांनी उभा केला, तेव्हा ते डोमाजींना म्हणाले की दारात कलेला जपणारा माणूस हवा. डोमाजींनी पाट्यांची कामं बाजूला सारली आणि तीन महिने मला दिले. नुसत्या टोपीच्या मखमलीला अकरा दिवस लागले.

त्यानंतरची वर्षं फार चांगली गेली. आसपासच्या लालबर्ऱ्याहून, हट्ट्याहून मुलं नाटक पाहायला यायची. माझ्या नजरेतून निसटायला ती या बाजूनं त्या बाजूला पळायची आणि तरी "तो माझ्याकडेच पाहते" म्हणून हसायची. डोमाजी कोपऱ्यात उभे राहून ते ऐकायचे.

मग गुणाकर सर गेले. हॉल लग्नांना भाड्यानं जाऊ लागला. खाली दुकानं झाली, समोर तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची टपरी लागली आणि पिचकाऱ्यांनी जिन्याचं वळण लाल झालं. नवे सचिव राजेंद्र यांनी, सगळीकडे करतात तसं, त्या भिंतीवर देवांच्या टाइल्स बसवल्या. देव पाहून लोक थुंकत नाहीत म्हणे.

जिना झाडणाऱ्या विमलाबाईंना ते पाहवेना. तुळशीला पाणी घातल्याशिवाय आणि पोथीचा अध्याय वाचल्याशिवाय त्या तोंडात घास घेत नाहीत. बोलणं इतकं हळू, की त्यापेक्षा झाडूचा आवाज मोठा. पण त्या दिवशी त्या बोलल्या.

"राजेंद्रभाऊ, देवाले थुंकीची राखण करायले बसवलं काय?"

राजेंद्र ओशाळले. टाइल्स निघाल्या. पण भिंतीला राखणदार तर हवाच होता. त्यांनी मला दारातून उतरवलं आणि वळणावर ठोकलं. दाढी आहे, टोपी आहे, कोणी संत समजून लोक लाजतील असं त्यांना वाटलं. विमलाबाईंचाही जीव भांड्यात पडला.

आठ दिवस लोक लाजले. एकानं तर चप्पल काढून हात जोडले. मग टपरीवाला प्रेमलाल एकदा वर आला आणि मला निवांत न्याहाळत म्हणाला, "हा काही देव-बिव नाही. अंगठी घालून बसला आहे. कोणी बाहेरचा सेठ असन." पहिली पिंक त्यानंच टाकली.

मित्रांनो, ती कोमट असते. गालावरून ओघळते, दाढीत थांबते, वाळते, आणि तिच्यावर दुसरी येते. सुपारीचे कण पापण्यांना चिकटतात. कानावर चुन्याचा पापुद्रा धरतो. लग्नाच्या दिवसांत तर माशा उठत नाहीत. एका वऱ्हाड्यानं नेम धरून टोपीवर मारली आणि सोबत्यांनी त्याची पाठ थोपटली. आधी मला त्यांच्या तोंडांची किळस यायची. पुढे पुढे स्वतःच्याच तोंडाची येऊ लागली.

विमलाबाई पायऱ्या धुवायच्या, पण मला शिवत नसत. दुसऱ्याचं उष्टं, त्यातही थुंकी. नाकाला पदर लावून त्या मान फिरवायच्या. मी त्यांना काय म्हणणार? माझे हात हलत असते तर मीही स्वतःला शिवलो नसतो.

या सोमवारी डोमाजी मला पाहायला आले; मी अजून हॉलच्या दारातच आहे असं त्यांना वाटत होतं. गुडघे जिना चढू देईनात, म्हणून त्यांची मुलगी गीता एकटीच वर आली. मला पाहून तिनं तोंड फिरवलं. खाली जाऊन ती बापाला म्हणाली, "हॉलले कुलूप आहे, बाबा."

"मंग पुन्हा येऊ," डोमाजी म्हणाले. "डॉक्टरनं सांगतलं, पोळ्यापर्यंत दिसन तेवढं दिसन."

विमलाबाई तिथंच पायरी पुसत होत्या. खाली मान घालूनच म्हणाल्या, "तुम्ही नका येऊ, दादा. गुरुवारी मीच त्याले तुमच्या घरी आणीन."

ते दोघं गेल्यावर त्यांनी कधी नव्हे ती वर मान करून माझ्याकडे पाहिलं. "आपले देव तेवढे वाचवले मी," त्या पुटपुटल्या. "हा बी कोणाचा तरी कोणी असनच ना."

राजेंद्रांना विचारलं, तर ते हसले. न्या ना बाई, तसाही आता तो काही कामाचा राहिला नाही, म्हणाले.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, अनेक जिने चढाल. भिंतीवर कोणाचं चित्र आहे ते पाहून तोंड आवरू नका. तिथं कोणीच नसलं तरी आवरा. तुमच्यामागून ती भिंत कोणाच्या तरी हातांना धुवावी लागते.

आज गुरुवार. विमलाबाई सकाळीच आल्या, अजून पोटात काही नव्हतं. देवाच्या वातींसाठी पिंजून ठेवलेला कापूस त्यांनी कोमट पाण्यात भिजवला आणि न घासता, टिपून टिपून मला पुसलं. दोनदा ओकारी आली म्हणून त्या बाहेर जाऊन आल्या आणि पुन्हा बसल्या. टोपीवरची मखमल एका जागी निघून गेली आहे, ती काही परत येत नाही. डोळे मात्र उघडले.

त्यांनी हात धुतले, मला धुवट लुगड्यात गुंडाळलं आणि उराशी धरून जिना उतरल्या. प्रेमलालनं टपरीतून विचारलं, "बाई, सेठले कुठं घेऊन चालल्या?"

विमलाबाईंनी पदर सावरला आणि डोमाजींच्या घराच्या रस्त्याला लागल्या.